पानी फिरलं

ग्रामीण रुग्णालय, साकोली. औषधभांडाराच्या मागं
माझी खोली: एक बेसिन, एक फ्रिज, एक मायक्रोस्कोप,
आणि स्पिरिटचा वास, जो मला आता
फक्त रजेवरून परतल्यावर येतो.

दसाराम वलथरेच्या पोटातलं पाणी
सिस्टरनं सकाळी आणून ठेवलं. नळी अजून कोमट.
याआधी तीनदा काढलंय त्याचं.
तीनदाही तणशीच्या रंगाचं होतं, नितळ.
आज ताकाच्या निवळीसारखं.

मी नळीमागं जुन्या पेपरचा तुकडा धरला,
बाजारभावाचं पान.
धानाचा भाव वाचता आला नाही.

दारात सायत्राबाई उभी. केव्हाची, कोण जाणे.
"पानी फिरलं," ती म्हणाली.
विचारलं नाही. म्हणाली.

ढिवराघरची बाई.
तऱ्यातलं पाणी एका रात्रीत फिरतं ते तिनं पाहिलंय:
पहाटे मासोळ्या वर येतात, तोंडं उघडून,
पाळ शाबूत असते,
कुणी काही कालवलेलं नसतं.

डॉक्टरही तिला तेच सांगत होते, जरा लांबवून:
लिव्हर आकसून गोटा झालंय, रक्ताला वाट नाही,
म्हणून पोटात पाणी.
आतडं फुटलेलं नाही. कुठं भोक नाही.
तरी आतड्यातलेच जंतू
भिंत ओलांडून त्या पाण्यात उतरले,
आणि पाण्यात राखणीला कुणी नव्हतं.

"किती प्यायचा?" वॉर्डबॉयनं विचारलं,
जसं सगळेच विचारतात, बूट काढता काढता.
"थेंब नाई," ती म्हणाली.
मग, कुणाकडेच न बघता:
"डाक्टर यायचा सायकलवर. एकच सुई, अख्खी टोली."

मी काचेच्या चौकोनांवर थेंब सोडला
आणि लाईट गेली.
आरसा फिरवून खिडकीतलं ऊन पकडलं.
चौकोनामागून चौकोन, ओठांनी मोजत,
ती मत्स्यबीज मोजते तशी,
चुकलं की पुन्हा पहिल्यापासून.
केंद्राचे तुकडे असलेल्या पांढऱ्या पेशी.
अडीचशे पुरतात निदानाला.
मी नऊशेवर थांबले नाही, पण
नऊशेला माझा हात गार पडला.

वॉर्डात तो हवेत जाळं फेकत होता.
मनगटं आपोआप खाली पडायची, कल्ल्यासारखी फडफडून,
पुन्हा उचलायचा.
"ओढ ना वो," तो बायकोला म्हणत होता,
तिला आपल्या मेलेल्या भावाच्या नावानं हाक मारत.
तिनं चादरीचं टोक धरलं
आणि ओढलं. हळूच. फाटू नये असं.

इंजेक्शन इथंच होतं, आठ-आठ तासांनी.
अल्ब्युमिन भंडाऱ्याहून आणायचं होतं.
जावई गेला मोटरसायकलवर, रात्री परतला
मासोळीच्या थर्माकोल डब्यात बर्फ घालून,
बर्फावर चार बाटल्या, मधाच्या रंगाच्या,
डब्याला मरळीचा वास.
सिस्टर चिडली. मग बाटल्या पुसून तिनंच लावल्या.
किडनी वाचवायला हे लागतं, ती म्हणाली.
किमतीबद्दल कुणी बोललं नाही.

तिसऱ्या दिवशी पुन्हा सुई, पुन्हा नळी.
मी मोजायला बसण्याआधी
सायत्राबाईनं हात पुढं केला.
द्यायला नको होती. दिली.
तिनंच बेसिनजवळचा पेपर घेतला,
नळी त्याच्यावर धरली, उजेडाकडं वळली.
उलटा धरला होता पेपर.

"दिसतात," ती म्हणाली. "अक्षरं दिसतात."
काय लिहिलंय, मी विचारलं. उगाच.
"ते तुमी वाचा. मला येत नाई.
दिसतात, एवढं मी सांगतो."

एकशे नव्वद. मी रजिस्टरात लिहिलं.
पाणी पुन्हा भरणारच, हे त्यात लिहायला रकाना नाही.
तिला मी ते सांगितलं नाही,
आणि तिनं विचारलं नाही.
तऱ्याकाठच्या माणसाला काय सांगायचं.