काल पोहोचाल

अपियाच्या विमानतळावर
मी माणसं काट्यावर घेतो.
विमान बारकं, किलोकिलोचा हिशेब लागतो.
पागो पागो एकशे तीस किलोमीटर,
पाऊण तास, वारा आडवा नसला तर.
कधी पोहोचू, विचारतात.
काल, म्हणतो मी.

नवखे हसतात.
मध्ये समुद्रात तारखेची रेघ आहे,
खिडकीतून दिसत नाही.

आज रविवार. आठाचं विमान.
तिरेसा काट्यावर चढली, पोटाशी कापडी पिशवी.
आत भावाचे बूट.
तो इथल्या इस्पितळात काल दुपारी चारला गेला.
तिकडे त्याची बायको ट्यूनाच्या कारखान्यात
डबे भरत असेल.
फोनवर नको, समोर बसून सांगते, म्हणाली.

मग बोटं मोजत राहिली.
"उतरेन तेव्हा तिथं शनिवार, सकाळचे नऊ.
चारला अजून सात तास.
तेवढ्यात ती विचारेल, कसा आहे,
तर काय सांगू?"

सामानाबद्दल विचारलं असतं
तर मला सांगता आलं असतं.

मागे रांग खोळंबली होती.
त्रेसष्ट, मी लिहिलं.
बूट धरले नाहीत.