दोन हजार पट

टार्टूच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं
मी हवेतले परागकण मोजले.
बर्च किती, अल्डर किती, गवत किती,
सकाळी रेडिओला आकडा कळवायचा,
मग शिंकणाऱ्यांनी खिडक्या लावून घ्यायच्या.
त्यांत आमचा काल्यूही.
मे महिनाभर डोळे लाल, नाक हातरुमालात,
वर मलाच म्हणायचा,
"विर्वे, तुझ्या माहेरचे आज फार आलेत."

आता तो नाही. सूक्ष्मदर्शक सरकारजमा.
माझ्याकडे एक वाकडी सुरी, तीन पटाश्या
आणि वादळात पडलेलं परसातलं लिंडन,
ज्याच्या फुलांचा काढा आम्ही सर्दीवर घ्यायचो.
दोन हिवाळे छपराखाली वाळवलं.

लिंडनच्या लाकडात लिंडनचाच कण कोरते.
खऱ्याच्या दोन हजार पट,
तरी मुठीत झाकला जातो.
जरासा चपटा, कडेला तीन खाचा,
अंगभर बारीक जाळी.
ती चष्म्यातून नीट दिसत नाही,
बोटांना पाठ आहे.

पाइनचा अवघड.
दोन बाजूंना हवेच्या दोन पिशव्या,
मधली मान जास्त तासली की मोडते.
सात मोडले. आठवा शेजारच्या उक्कूने उचलला,
"उंदीर ना? हे कान?"
मी हो म्हटलं, आणि रात्रभर चुटपुट.
सकाळी बोलावून खरं काय ते सांगितलं.
त्याला उंदीरच बरा वाटला.

हाप्सालूच्या जत्रेत एंडेल कोळ्याने
अल्डरचा कण हातात फिरवला.
पाच छिद्रं, छिद्राछिद्रांत कमानी,
आठवडाभर घासलेल्या.
"कशाला लागतं हे?"
"कशालाच नाही."
"मग द्या."
पुढच्या सोमवारी पाहते तर
जाळ्याला बांधलेला, तरंगायला!
हेरिंगच्या खवल्यांत माझ्या कमानी.
तोंडावर आलेले शब्द गिळले,
कारण तो लाटेवर
वारा म्हणेल तिकडे कलत होता
आणि मुळात
त्याचं काम तेच.

बर्चचा अजून कोरलेला नाही.
सगळ्यात सोपा तो. गोल, तीन उंचवटे,
दुपारभराचं काम.
ठोकळा कापून खिडकीत ठेवलाय,
त्यावर पिवळी भुकटी साचते
ती मी पुसत नाही.
मे लागला की खिडकी सताड उघडते,
सुरीला धार लावते,
आणि उगाच कान देऊन बसते
आतल्या खोलीकडे.