एकास पस्तीस

दिवसभर मी कवळ्या घडवतो,
परक्या तोंडात बसतील असे दात.
उरलेलं प्लास्टर रात्री पिशवीतून घरी येतं
आणि बुडापेस्टमधल्या एका चारमजली घराच्या
भिंती होतं.

पाडायचं असलं तरी आधी बांधावंच लागतं.
एवढं कळायला मला सहा वर्षं लागली.
थेट मोडकंच घडवलं की खोटं दिसतं,
केकचा तुकडा कापून ठेवल्यासारखं.
म्हणून आधी जिना, कठडा, दारांच्या कड्या,
तिसऱ्या मजल्यावर निळ्या पट्ट्यांचा वॉलपेपर,
त्यावर तसबीर काढल्यावर उरतो तो फिकट चौकोन.
मग दात कोरायच्या यंत्रानं भेगा पाडायच्या,
श्वास धरायचा
आणि अंगठ्यानं, एकाच जागी,
दाबायचं.

वीट आठ मिलिमीटरची.
मोजल्या तेव्हा चार हजार तीनशे होत्या, नंतर मोजणं सोडलं.
ढिगाऱ्यासाठी चहाचा चोथा, शेगडीतली राख
आणि आईच्या डब्यातली खसखस.
"नाताळच्या रोलमध्ये आता काय भरू?" आई म्हणाली,
"तुझं युद्ध?"

रणगाडा खोक्यातून आला. सैनिकही खोक्यातूनच,
सहाजण, हातपाय सुटे,
एकाच्या वाट्याला दोन्ही हात डावे.
त्याला मी भिंतीआड उभा केला.
रणगाड्याचा गंज तीन आठवडे रंगवत होतो.

आई आली भिंग घेऊन. पंच्याऐंशीची.
रणगाड्याकडे तिनं पाहिलंही नाही.
जिन्याच्या पायऱ्या मोजल्या, ओठ हलवत.
"इथं बादली होती. सिपोशबाईंची, कडी तुटलेली.
आत बर्फ. तोच वितळवून प्यायचो."
रिकाम्या ट्यूबचा पत्रा कापून मी बादली केली.

दुसऱ्या दिवशी म्हणाली, "घोडा?"
कुठला घोडा?
"चौकात पडलेला. संध्याकाळपर्यंत निम्मा उरला.
मांडीकडचं तुझ्या आजोबांनी आणलं, कोटाखाली झाकून."
आणि ती सूप ढवळायला गेली.

तिसऱ्या दिवशी ती काहीच बोलली नाही,
म्हणून मीच विचारलं:
आणि तू?

नऊ वर्षांची मुलगी खोक्यात मिळत नाही.
पुट्टीची केली. सदतीस मिलिमीटर,
विणलेली टोपी, हातांत बापाचे पायमोजे.
चिमट्यात धरून फिरवत राहिलो:
दारात उभी करू? खिडकीशी?
"वर कोण होतं रे," आई म्हणाली,
"आम्ही सगळे खाली."

तळाची फळी काढून मी तळघर खणलं.
छत सहा सेंटिमीटरवर.
कोळशाची रास, एक बाक, अकरा माणसं,
बाकाच्या टोकाला ती, पाय न टेकणारे.
मेणबत्ती एकच, कारण आई म्हणाली एकच होती,
आणि तीही रोज नाही.
फळी पुन्हा बसवायला घेतली तर तिनं मनगट धरलं.
"गोंद वाळू दे आधी. आत वास कोंडेल."

बाजूला, पाटीच्या जरा वर,
सुईएवढं एक भोक ठेवलंय.

वात्स गावच्या क्रीडागृहात परीक्षकांनी
टॉर्च मारमारून पाहिलं.
रणगाड्याचा पट्टा उलटा बसवलाय म्हणाले, दोन गुण गेले.
"आणि पाया एवढा जाड कशाला?
नजर उगाच खाली जाते."
मी म्हटलं, लाकूड तसलंच मिळालं.

परतीच्या गाडीत ते सगळं आईच्या मांडीवर होतं,
जुन्या ब्लँकेटात गुंडाळून.
एका वळणावर तिनं ब्लँकेट सारलं,
पाटीशेजारी टिचकी मारली, दोनदा,
थोडं थांबली.
मग खिडकीबाहेर बघत म्हणाली,
"अर्धा किलो होती ती खसखस."