रवंथ

बुरुलचामावशीला पूल हवा होता.
नारिनच्या कचेरीत दहा मिनिटं मिळणार होती.
स्लाइड्स मी केल्या, एकोणीस.
चष्मा पुसत तिनं सगळ्या पाहिल्या,
म्हणाली, "यात पाणी कुठंय?"
उरल्या तीन.

आठवडाभर ती मेंढ्यांसमोर बोलली,
मी घड्याळ धरून दगडावर.
पहिल्या दिवशी चौदा मिनिटं,
आणि सगळं आपल्याच मफलरला सांगितलेलं.
"मान वर!" मी ओरडलो.
मान वर केली तर समोर
दोनशे जबडे, चघळताहेत,
डोळ्यांत काही म्हणजे काही नाही.
तिसऱ्या दिवशी वाक्यातच ठसका लागला, ती थांबली,
आणि मधल्या जागेत ओढा ऐकू आला.
"हे असंच ठेव," मी म्हटलं.

कचेरीत लांब टेबल, चहा, तळलेले बोरसोक.
साहेबलोक चघळत होते.
मी घाबरलो. मावशी नाही.
हे श्रोते तिला पाठ होते.

पहिला फोटो: ओढा, मार्चमधला, घोट्याइतका.
दुसरा: तोच ओढा, जूनमधला.
तिसऱ्यात नुसता एक बूट,
डाव्या पायाचा, लहान, दगडावर वाळत ठेवलेला.
"मुलगा सापडला," ती म्हणाली. "यंदा."
आणि थांबली.
इथं ओढा नव्हता. हीटर घरघरत राहिला.

खिडकीपाशी बसलेल्या कारकुनाचा जबडा
तेवढा थांबला.

परतताना गाडीत विचारलं, होईल पूल?
रुमालात बांधून आणलेला बोरसोक
ती सावकाश खात होती.
"कळपात एक थांबली
की बाकीच्या मान वर करतात," म्हणाली.
आणि घास गिळून,
"कधी कधी."