लॅमिनेशन

मुहर्रकला, मासळीबाजाराच्या मागच्या बोळात
माझं दुकान. म्हणजे कफीलचं.
झेरॉक्स, टायपिंग, अर्ज भरून मिळतील.
माझा पासपोर्ट त्याच्या कपाटात,
किल्ली त्याच्या खिशात.

फरज बिन मबरूक आला भर दुपारी, बाजार मिटल्यावर.
पोटाशी धरलेल्या पिशवीतून
त्यानं बापाचा कागद काढला.
घड्यांवर झिजलेला, वर सरकारी शिक्का:
हा इसम आजपासून स्वतंत्र आहे,
त्याला कोणी अडवू नये.
नाव मबरूक. वय अदमासे तीस.
धंदा, मोत्यांसाठी बुड्या मारणे.
बापाचं नाव: एक आडवी रेघ.
आईसाठी रकानाच नाही.

"शाई उडत चाललीय," फरज म्हणाला.
"प्लॅस्टिकमध्ये घाल. फुगा राहता कामा नये."

मशीन तापायला वेळ लागतो.
तेवढ्यात शाळेतली अमेरिकन बाई आली,
व्हर्डेल टिब्स. तिच्याकडे
जुन्या वर्तमानपत्राचं कात्रण:
माझी आई हॅना. मला मोबीलच्या धक्क्यावर विकलं
तेव्हा तिच्या कडेवर धाकटा होता.
कोणाला ठाऊक असल्यास कळवावे.

"दुप्पट मोठं करून दे," ती म्हणाली.
"आमचंही गाव आखातावरच. आखात दुसरं."

मग स्टुलावर बसून सांगत राहिली,
मी मोडक्यातोडक्या अरबीत फरजला.
तिचा आजोबा मतदार व्हायला गेला
तर कारकुनानं विचारलं,
साबणाच्या वडीत बुडबुडे किती?
पाच वेळा परत पाठवला.
सहाव्या वेळी त्यानं खिशातून वडी काढून
टेबलावर ठेवली. म्हणाला, मोजा.
मत मिळालं नाही. करवतीच्या गिरणीतलं काम गेलं.
वडी आजीनं पुरवून पुरवून वापरली.

फरज हसला, कवळी सावरत.
मग माझ्याकडे वळला. "तू कुठला?"
"मुरुडचा. समोर पाण्यात जंजिरा."
"तिथं आमच्यातले गेले होते म्हणतात."
"गेले. राजे झाले."
बराच वेळ तो गप्प.
"मग त्यांच्या आयांची नावं
लिहून ठेवली असतील कुणीतरी."

मला शाळेतलं पुस्तक आठवलं.
त्यात त्यांची तोफ होती. लांबी दिली होती तिची.

हिरवा दिवा लागला.
कागद हळूहळू आत गेला, गरम बाहेर आला,
आणि एक फुगा राहिलाच,
नेमका त्या आडव्या रेघेवर.
मी टाचणी शोधू लागलो.
फरजनं माझं मनगट धरलं.
त्याचा हात खरबरीत, कोरडा.
काही बोलला नाही, नुसतं धरलं.

पैसे घेतले नाहीत असं लिहायला
मला आवडलं असतं.
घेतले. दोघांकडूनही.
कफील रात्री हिशेब बघतो.