हातचा एक

पहिल्या वर्षी आम्ही नुसत्या रेघा मारल्या.
पिवळ्या, जमिनीवर. हातगाडीभोवती, झाडूभोवती.
तालिनहून आलेल्या माणसाने
प्रत्येक हातोडीमागे तिची सावली रंगवली
आणि बिल ठेवून गेला.
सावल्या जागेवर राहिल्या. हातोड्या नाही.

व्होरूला नोव्हेंबरात तीनलाच दिवे लावावे लागतात.
आम्ही खिडक्या बनवतो,
पाइनची चौकट, तीन काचा.
भिंतीला टेकून उभ्या होत्या चारशे चौकटी,
कुणी न मागितलेल्या,
आणि ज्या मागितल्या होत्या
त्यांच्यासाठी रोज फोनवर माफी.

हेल्दुरच्या बाकाखाली गोळ्यांचा एक जुना डबा,
आत बिजागऱ्या.
म्हणायचा, काहीच मिळत नसे असा काळ होता,
तुम्ही पाहिला नाहीत.
हातचं राखून ठेवावं माणसाने.
आम्ही हसायचो,
आणि आपापले खण हळूच बंद करायचो.

दुसऱ्या वर्षी मारिका आली. ती म्हणाली,
रेघ घेतलीत, दोरी सोडलीत.
आता दोरी लावाल आणि भीती तशीच ठेवाल.
अर्धा सॉना नसतो कुठे.
अर्धा सॉना म्हणजे नुसतं थंडीत उघडं बसणं.

लाल दोरी लागली, या टोकापासून त्या टोकापर्यंत.
चूक दिसली तर ओढा, सगळं थांबेल.
अकरा आठवडे कुणी हात लावला नाही.

मग एका मंगळवारी
उर्वेने, जी जेवणाच्या सुट्टीतही बोलत नसे,
एक खिडकी मिटली, उघडली, परत मिटली,
आणि ओढली.

इतकं शांत झालं
की छपरावरून बर्फ घसरल्याचं ऐकू आलं.
आम्ही खिडकीकडे नाही, मारिकाच्या तोंडाकडे पाहत होतो.
ती चालत आली. म्हणाली, बरं केलंस.
काय दिसलं?
कोण, असं तिने विचारलंच नाही.

अर्ध्या मिलिमीटरचा फरक. जुन्या मापाची बिजागरी.
हेल्दुरने टोपी काढली.
माझ्या डब्यातली, म्हणाला.

शाळेत बेरीज शिकताना
बाई सांगायच्या, हातचा एक
पुढच्या घरात मिळवायचा असतो.
मुठीत धरून बसलात
तर उत्तर चुकतं,
आणि शेवटपर्यंत कळत नाही कुठे.

डबा आता बाकावर असतो, उघडा.
सहा बिजागऱ्या. संपल्या की रिकामा डबाच
मागच्या टेबलाकडे जातो,
भरून परततो. चिठ्ठी नाही, आरडाओरड नाही.
चारशे चौकटींच्या जागी
उन्हाचा एक चौकोन पडतो, असलं ऊन तर.
मागच्या महिन्यात दोरी चौसष्ट वेळा ओढली गेली.
मारिकाने आकडा फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिला,
आणि पुढच्या महिन्यात तो कमी झाला
तर मला काळजी वाटेल, म्हणाली.

हेल्दुर संध्याकाळी कोट चढवतो,
खिसा चाचपतो.
आत एक स्क्रू असतो, अजून.
सगळ्यांना माहीत आहे.
त्याच्यासाठी दोरी कुणी ओढत नाही.