तिरपी रेघ

अकरा महिने खपून प्रणाली एकदाची चालू झाली
तेव्हा भोईरच्या माळ्यावर रात्रीचे पावणेतीन वाजले होते.
तो म्हणाला, आता नाव.

सोपं ठेवू, मी म्हटलं, पोरांच्या तोंडी बसेल असं.
गाभा एकाचा, तो म्हणाला, अवजारं दुसऱ्यांची.
आपला फक्त मराठी कळफलक आणि पडद्यावरची निळी खाडी.
कानात कुर्र करायला
आपण हिच्या आत्या तरी आहोत का?
दोन्ही नावं घ्यायची. मध्ये तिरपी रेघ.

एवढं लांब कोण म्हणेल?
तूच म्हणतोस रोज, रिक्षावाल्याला. कोपरखैरणे.
कोपर एक गाव, खैरणे एक गाव,
सिडकोनं जोडली, रेघसुद्धा न ओढता.

मग गप्प झाला.
त्याचं घर बोनकोड्याचं. पत्त्यात सेक्टर बारा.
स्टेशनच्या पाटीवर बोनकोडे नाही.

मी विषय बदलला, साठवणीच्या भागाकडे वळलो,
आणि विरजण पडलं ते इथेच.
चालत होता लोण्यासारखा,
पण परवाने जुळेनात.
दोन्ही मोकळे. दोघांनाही वाटायचंच आहे.
फक्त दोघांची अट: पुढे देशील ते माझ्याच शब्दांत.

शेजारच्या गवंडवहिनी चमचाभर विरजण देतात,
बदल्यात एवढंच, की उद्या कुणी मागितलं तर नाही म्हणायचं नाही.
त्यांना विचारलं, एका पातेल्यात दोन घरची घातली तर?
लागेल की, म्हणाल्या. दह्याला काय कळतंय.
पण मागायला आलेल्याला कुणाचं म्हणून द्याल?

तेव्हा ठरलं, तो भाग वेगळ्या वाटीत वाढायचा.
कालवायचं ते जेवणाऱ्यानं, आपल्या ताटात.
कायद्याला एवढं पुरतं, असं भोईर म्हणतो.
वकील आम्हाला परवडत नाही.

श्रेयांच्या फाइलीत चारशे बारा नावं.
पाठवण्याआधी, त्याला न विचारता,
मी तळाशी एक ओळ घातली: बोनकोडे.
गावानं एक अक्षर लिहिलेलं नाही.
वीज दिली. आणि चहा.

आता घणसोलीच्या शाळेत सव्वीस जुनी यंत्रं हिच्यावर चालतात.
पोरं म्हणतात, निळ्या.
निळ्या चालू कर, निळ्या अडकला.
भोईर दर वेळी दुरुस्त करतो, पूर्ण नाव घेतो,
रेघेच्या जागी श्वासभर थांबतो.

पोरांनी तेवढंच उचललंय.
छाती भरून घेतात, थांबतात,
आणि मग म्हणतात, निळ्या.